चौसष्ट घरें आणि चौसष्ट मतें

बुद्धिबळाच्या पटावर घरें चौसष्ट असतात हें लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु ह्या खेळाचा सर्व देशाचा कारभार पाहणाऱ्या महासंघाच्या एका निवडणुकींत मतेंही बरोबर चौसष्टच पडलीं होतीं, हा योगायोग फार थोड्यांच्या लक्षांत आला असेल. ४ जानेवारी २०२१ रोजीं अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या पदाधिकाऱ्यांची निवड झाली. अध्यक्षपदासाठीं संजय कपूर यांस ३३ मतें मिळालीं आणि मावळते अध्यक्ष वेंकटराम राजा यांस ३१. चिटणीसपदावर भरतसिंह चौहान ३५ मतांनीं निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी रवींद्र डोंगरे यांस २९ मतें पडलीं. खजिनदारीच्या जागीं नरेश शर्मा यांस ३४ व गोव्याचे किशोर बांदेकर यांस ३०. तिन्ही बेरजा चौसष्टच्या. बत्तीस घटकसंघटना आणि प्रत्येकीस दोन मतें, असा तो हिशेब होता.

एवढ्या अफाट देशांत, जेथें लहानमोठ्या गांवीं हजारों मुलें रोज संध्याकाळीं पट मांडून बसतात, तेथें त्या खेळाचा अध्यक्ष दोन मतांच्या फरकानें ठरावा, ह्यांत वावगें असें कांहीं नाहीं. लोकशाहींत एका मतानेंही निकाल फिरतो. प्रश्न निराळा आहे. हीं चौसष्ट मतें कोणाचीं? तीं ज्यांनीं दिलीं ते कोणाच्या वतीनें बोलत होते, आणि त्यांना तेथें बसविलें कोणीं?

कोणी म्हणेल, खेळाच्या मंडळाच्या निवडणुकीशीं संसारी माणसाला काय कर्तव्य? ज्याच्या घरीं दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पटावर बसूं लागली आहे त्यानें मात्र असें म्हणूं नये. कोणत्या वयोगटांत कोणत्या राज्यानें किती खेळाडू पाठवावयाचे, राष्ट्रीय स्पर्धा कोणत्या शहरीं भरवावयाची, प्रवेशाचें शुल्क किती ठेवावयाचें, परदेशीं जाणाऱ्या चमूबरोबर मार्गदर्शक म्हणून कोणी जावें, हे सारे निर्णय शेवटीं समितीच्याच टेबलावर येतात. फलटणच्या किंवा इस्लामपूरच्या मुलीनें जिल्ह्यांत पहिला क्रमांक पटकावला तरी तिला राज्याच्या निवडस्पर्धेंत उतरावें लागतें, आणि तेथें वरचें स्थान मिळालें तर राज्याच्या ठराविक जागांतून ती पुढें जाते. स्पर्धा दूर पूर्वेकडच्या एखाद्या शहरीं असली म्हणजे मुलीबरोबर आई किंवा वडील, दोघांचें आगगाडीचें भाडें, आठ-दहा दिवसांचा मुक्काम, आणि शाळा बुडते ती वेगळीच. मध्यम स्थितींतल्या कुटुंबास हा खर्च वर्षांतून एकदां झेपतो, दोनदां झेपत नाहीं. स्पर्धेची जागा ठरवितांना ह्या कुटुंबाची आठवण ठेवणारें कोणी त्या सभेंत असावें, एवढीच प्रादेशिक प्रतिनिधित्वाची मागणी आहे. ती कांहीं मानापानाची गोष्ट नव्हे.

आतां मतांची वांटणी पाहूं. २०११ च्या शिरगणतींत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर होती, सांगली जिल्ह्याची सव्वाअठ्ठावीस लाखांच्या आसपास आणि सातारा जिल्ह्याची तीस लाख. गोव्याचें क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. एकट्या सातारा जिल्ह्याचें १०,४८०. म्हणजे वस्तीनें गोव्याच्या चौपट आणि विस्तारानें पांचपट असा हा आपला कृष्णाकांठचा मुलूख. गोव्याला मतें दोन, महाराष्ट्रालाही दोन. महाराष्ट्राचे जिल्हे ३६. तीं दोन मतें सर्व जिल्ह्यांत सारखीं वांटलीं तर सातारा आणि सांगली ह्या दोहोंच्या वांट्यास मिळून एका मताचा नववा हिस्सा येतो. ज्या सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात तिच्या पदरांत तर अठरावा.

हें गणित मांडलें म्हणजे प्रथमदर्शनीं अन्याय वाटतो. परंतु थोडा विचार केला असतां तसें वाटेनासें होतें. मतें खेळाडूंच्या संख्येप्रमाणें किंवा पराक्रमाप्रमाणें दिलीं तर काय होईल? विश्वनाथन् आनंद १९८८ साली देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला, आणि त्यानंतर तामिळनाडूनें ह्या खेळांत अशी आघाडी मारली कीं देशांतील ग्रँडमास्टरांपैकीं तिसरा हिस्सा तरी त्या एका प्रांताचा आहे. गुणांप्रमाणें मतें म्हटलीं कीं सर्व निर्णय चेन्नईच्या आणि मुंबई-पुण्याच्या हातीं जाणार, आणि ज्या राज्यांत खेळ अजून रांगतो आहे तेथें तो रांगतच राहणार. पॅरिस येथें २० जुलै १९२४ रोजीं स्थापन झालेल्या जागतिक बुद्धिबळ संघटनेंतही एका राष्ट्रास एकच मत आहे. तेथें चिमुकलें मोनॅको आणि भारत ह्यांचें वजन सारखें. तेव्हां गोव्याच्या दोन मतांचा हेवा करण्यांत अर्थ नाहीं. आमचें गाऱ्हाणें आहे तें महाराष्ट्राचीं दोन मतें कशीं घडतात ह्याविषयीं.

त्याआधीं ‘प्रदेश’ ह्या शब्दाकडे थोडें पाहिलें पाहिजे, कारण तो दिसतो तितका पक्का नाहीं. महासंघ स्थापन झाला १९५१ साली. त्या वेळीं महाराष्ट्र नांवाचें राज्य नव्हतें. मराठी मुलूख मुंबई राज्य, मध्यप्रदेश आणि हैदराबाद ह्यांत विभागलेला होता आणि गोवा पोर्तुगीजांकडे होतें. आमच्या भागाची कथा तर याहून गुंतागुंतीची. १९४७ च्या उन्हाळ्यांत सांगलीच्या एखाद्या दुकानाच्या फळीवर पट मांडून बसलेला गृहस्थ सांगली संस्थानचा प्रजाजन होता. त्याचा मिरजेचा प्रतिस्पर्धी दोन कोसांवर राहून दुसऱ्या संस्थानचा, आणि तासगांवहून बाजारासाठीं आलेला तिसरा गडी इंग्रजी अमलांतील सातारा जिल्ह्याचा. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील संस्थानें मुंबई इलाख्यांत विलीन झालीं. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे कांहीं तालुके आणि संस्थानांचा मुलूख एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हें नांव मिळालें. तेरा वर्षांत त्या दुकानांतल्या पटाचा प्रदेश तीनदां बदलला. पट आणि सोंगट्या त्याच राहिल्या. खेळाचा प्रदेश हा तहशिलीच्या नकाशावर ठरत नाहीं, तो रोजच्या ये-जा करण्यानें ठरतो. ही गोष्ट समितीच्या जागा वांटतांना विसरली जाते.

एके काळीं तर प्रदेशाप्रमाणें खेळाचे नियमही बदलत. आपल्या देशी पद्धतींत प्यादें पहिल्या खेळींतही एकच घर चालत असे, राजाला डावांत एकदां घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा होती, आणि शेवटच्या घरीं गेलेलें प्यादें कोणत्या मोहऱ्याच्या पट्टींत पोहोंचलें त्यावर त्याची बढती ठरे. गांवोगांवच्या चाली थोड्याफार निराळ्या. त्यामुळें परगांवीं खेळावयास गेलेल्या माणसानें आधीं नियमांवर वाद घालावा आणि मग पटावर बसावें, अशी रीत. पंजाबांतील मीर सुलतानखान ह्याच देशी पद्धतींत वाढला. १९२८ साली त्यानें अखिल हिंदी अजिंक्यपद मिळविलें, पुढच्या वर्षीं विलायतेस जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलें, आणि १९३२ व १९३३ साली तें पुन्हां जिंकलें. त्याच्या पाठीशीं संघटना नव्हती, सर उमर हयातखान नांवाचे धनी होते. धनी परत मायदेशीं आले आणि जगांतील अग्रगण्य खेळाडूंत गणला गेलेला हा पुरुषही त्यांच्याबरोबर परत आला तो कायमचाच. पुढें त्याचें नांव स्पर्धांतून दिसेनासें झालें. जागतिक संघटनेनें त्याला ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनीं. समिति कितीही भांडखोर असली तरी एका धन्याच्या मर्जीपेक्षां ती बरी, असें आम्हांस वाटतें तें ह्यामुळेंच.

प्रतिनिधींची समिति कशी निवडावी ह्याचा एक धडा तर आमच्या शेजारींच घडला होता. सातारा भागांतील औंध संस्थान हें अवघें बहात्तर गांवांचें. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्या श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनीं १९३८ साली प्रजेस राज्यकारभार सोंपविण्याची घोषणा केली आणि १९३९ च्या आरंभीं तसा कायदा झाला. त्याच्या घडणींत महात्माजींचा सल्ला होता, आणि मॉरिस फ्रीडमन नांवाच्या पोलंडच्या इंजिनियराचे कष्ट. रचना साधी होती. गांवानें पांच जणांची पंचायत निवडावी. पंचायतींच्या अध्यक्षांनीं मिळून तालुक्याची समिति बनवावी. आणि तालुक्यांनीं विधिमंडळावर माणसें पाठवावीं. आटपाडी, किर्लोस्करवाडी हीं ठिकाणें आज सांगली जिल्ह्यांत मोडतात. त्या वेळीं तीं ह्याच संस्थानांत होतीं. संस्थान विलीन झालें आणि प्रयोग दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच संपला.

औंधची ही उतरंड आणि आजच्या खेळसंघटनांची उतरंड दिसण्यांत सारखी आहे. जिल्हासंघटना, तिच्यावर राज्यसंघटना, तिच्यावर महासंघ. परंतु एक फरक आहे आणि तोच सर्व कांहीं आहे. औंधला तळाशीं गांव होतें. ज्या पंचानें विहिरीचा किंवा शाळेचा प्रश्न बिघडवला त्याला रोज पारावर गांवकऱ्यांसमोर बसावें लागे. खेळाच्या उतरंडींत तळाचें हें मडकेंच नाहीं. जिल्हासंघटनेचे सभासद कोण, त्यांची यादी कोठें पहावयास मिळते, वार्षिक सभेची नोटीस कोणास जाते, ह्यांचीं उत्तरें खेळणाऱ्या मुलाच्या पालकांस विचारून पहावीं. पुष्कळांना आपल्या जिल्ह्याच्या चिटणिसांचें नांवही सांगतां येणार नाहीं. चिटणीस पुष्कळ ठिकाणीं कष्टाळू असतात, पदरमोड करून स्पर्धा भरवितात, रात्रीं जागून जोड्या लावतात. त्यांच्या कळकळीविषयीं शंका नाहीं. पण त्यांना निवडणारे लोक डोळ्यांपुढें नसले म्हणजे हळूहळू तेच आपले मतदार होऊन बसतात, आणि मग वर जाणारें मत दोन-चार व्यक्तींच्या स्नेहाचें किंवा रुसव्याचें होतें.

सांगलीकडे ह्या दृष्टीनें पहावें. येथील नूतन बुद्धिबळ मंडळ स्वातंत्र्याच्याही आधींचें, म्हणजे महासंघाहून वयानें वडील. भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं उभें आयुष्य वेंचून तें नांवारूपास आणलें. सांगलीनें देशास भाग्यश्री साठे दिली, जी पुढें पांचदां राष्ट्रीय महिला अजिंक्यवीर आणि १९९१ साली आशियाची अजिंक्यवीर झाली. त्यानंतरच्या पिढींत महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे दिली. अशा मंडळाला महासंघाच्या निवडणुकींत मत नाहीं. मत राज्यसंघटनेचें. मंडळाचा आवाज जिल्ह्यांतून राज्यांत आणि राज्यांतून दिल्लीपर्यंत जातां जातां किती उरतो, हें वर काढलेल्या अठराव्या हिश्शावरून समजेल. आणि साताऱ्याचें तर त्याहून अवघड. कारण नांवाजलेलें जुनें मंडळ असलें म्हणजे निदान त्याची शिफारस तरी ऐकली जाते.

स्त्रियांच्या बाबतींत प्रतिनिधित्वाचें महत्त्व ह्याच खेळानें एकदां ठळकपणें दाखवून दिलें आहे. राष्ट्रीय महिला अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९७४ साली बंगलोरला झाली, म्हणजे पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेनंतर एकोणीस वर्षांनीं. पुरुषांची १९५५ साली एलुरूला झाली होती आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या यांनीं तें पद वांटून घेतलें होतें. महिलांचें पहिलें पद वासंती खाडिलकरनें जिंकलें. पुढें जयश्री आणि रोहिणी ह्या तिच्या बहिणींनीं तें घरांतच ठेवलें. ह्या तिघी सांगलीस जन्मलेल्या नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पणत्या. रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरली तेव्हां केवढा गहजब झाला! मुलीकडून हार पत्करावी लागणार ह्या भयानें कांहीं पुरुष नियमांच्या आड लपूं पाहत होते. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांस सांगावें लागलें कीं स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं. घरच्या समितींत चार बायका असत्या तर हा निवाडा आणावयास सातासमुद्रांपलीकडे जाण्याची वेळ आली नसती.

तीच चार ही संख्या आतां कायद्यांत आली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा संमत केला. राष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारिणींत पंधरांहून अधिक सभासद नसावेत, त्यांत निदान चार स्त्रिया असाव्यात, आणि विशेष गुणवत्तेच्या खेळाडूंसही जागा असावी, असें त्यांत ठरलें. निवडणुकांवर देखरेख करण्यास स्वतंत्र मंडळींची यादी आणि तंटे तोडण्यास न्यायाधिकरण, हीही योजना आहे. ह्याची गरज होती. वर सांगितलेल्या २०२१ च्या निवडणुकीचा वाद दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेला आणि जून २०२२ मध्यें तेथें असें ठरलें कीं चिटणिसांस पुन्हां त्या पदावर येण्यासाठीं लागणारें दोनतृतीयांश मताधिक्य मिळालेलें नाहीं. ६४ चे दोनतृतीयांश म्हणजे निदान ४३. त्यांना मिळालीं होतीं ३५. त्याच सुमारास मद्रासजवळ मामल्लपुरम् येथें ऑलिंपियाड भरावयाचें होतें, म्हणून सर्वोच्च न्यायालयानें त्यांना ऑगस्टच्या मध्यापर्यंत राहूं दिलें. पाहुणे दारांत आणि घरांत भांडण, असा तो प्रसंग. त्यानंतर २०२४ साली नितीन नारंग अध्यक्ष झाले ते बिनविरोध. दोन मतांची चुरस असलेल्या संघटनेंत तीन वर्षांनीं एकही प्रतिस्पर्धी उभा राहूं नये, ह्याचा अर्थ कोणी एकी असा घेईल, कोणी थकवा असा घेईल.

कायद्यानें स्त्रियांची आणि खेळाडूंची सोय लावली. प्रदेशाची सोय मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल, आणि ती राज्याच्या पायरीवर. ह्यावर नेहमीं सुचविला जाणारा उपाय म्हणजे महसुली विभागाप्रमाणें जागा वांटाव्यात. महाराष्ट्रांत असे सहा विभाग आहेत. पण सातारा आणि सांगली पडतात पुणें विभागांत. त्याच विभागांत पुणें, सोलापूर आणि कोल्हापूर. अशा विभागाची एक जागा म्हटली कीं ती पुणें शहराकडे जाणार, हें सांगण्यास ज्योतिषी नको. मुंबईच्या वर्चस्वाऐवजीं पुण्याचें, एवढाच फरक. विदर्भांत तें नागपूरचें होईल. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून आली, त्यामुळें नागपूरकरांस आतां कोणी कांहीं म्हणणेंही कठीण! मोठें शहर जेथें आहे तेथें विभागाची जागा ही त्या शहराचीच दुसरी जागा होते.

आम्हांस अधिक बरा वाटतो तो मार्ग असा. विभागाची जागा पाळीपाळीनें जिल्ह्यांकडे फिरावी. एका मुदतींत ज्या जिल्ह्याचा माणूस असेल त्याला पुढच्या मुदतींत उभें राहतां येऊं नये. पांच जिल्ह्यांत चार-चार वर्षांची मुदत धरली तर साताऱ्याची पाळी वीस वर्षांत एकदां येईल. हें फार लांब आहे, हें खरें. म्हणून मुदत दोन वर्षांची असावी. दुसरें, त्या जागेसाठीं मतदान जिल्ह्यांच्या चिटणिसांनीं न करतां नोंदलेल्या प्रौढ खेळाडूंनीं आणि लहान खेळाडूंच्या पालकांनीं करावें. नोंदलेल्या खेळाडूंच्या याद्या संघटनांपाशीं असतातच. त्या मतदारयाद्या म्हणून वापरण्यास नवें दप्तर उघडावें लागत नाहीं. कोणी भीति घालतील कीं पालक आपापल्या मुलांच्या स्वार्थासाठीं मत देतील. देतील तर देवोत. सगळे पालक आपल्या मुलाचा स्वार्थ पाहूं लागले तर स्पर्धा जवळच्या गांवीं भरेल आणि शुल्क कमी होईल.

राहतां राहिला भाड्याचा प्रश्न. प्रादेशिक समितीच्या बैठका बहुधा दूरच्या शहरीं भरतात, आणि भाडेंखर्च ज्याचा त्यानें सोसावा अशी रीत असली म्हणजे ज्याच्या गाठीं पैका किंवा ज्याच्या नोकरींत सवड तोच प्रतिनिधि होतो. कऱ्हाडच्या शिक्षिकेस समितीवर निवडून दिलें आणि मुंबईच्या बैठकीस जाण्यासाठीं तिनें बिनपगारी रजा काढावी अशी अपेक्षा ठेवली, तर ती पहिल्या दोन बैठकांस जाईल आणि तिसरीस क्षमापत्र पाठवील. स्पर्धांच्या प्रवेशशुल्कांतून दर माणशीं अल्प रक्कम ह्या भाड्यासाठीं बाजूस काढावी, आणि एक वर्षाआड तरी बैठक सातारा, सांगली, धाराशिव, वाशीम अशा ठिकाणीं घ्यावी. सांगलीस बैठक भरलीच, तर सभासदांनीं काम आटोपल्यावर संध्याकाळीं मंडळांत जाऊन तेथील मुलांबरोबर एकेक डाव खेळावा, अशी आमची सूचना आहे. कांहींजण हरतील, त्याची तयारी ठेवून यावें.